रामदास बोट आणि डब्यातल्या गोट्या

मुंबई बंदरातून पलीकडे रेवसला जायला आजही भाऊच्या धक्क्यावर लाँच मिळते. भाऊ म्हणजे एकोणिसाव्या शतकात धक्का बांधणारे भाऊ अजिंक्य. तो मूळ धक्का आता नाही, माझगावचा आजचा धक्का नंतरचा. पण नाव टिकले. अलिबागकडे रस्त्याने जायचे तर खाडीला मोठा वळसा पडे. त्यामुळे चाकरमानी, व्यापारी, कोळणी सगळ्यांचा भरवसा आगबोटीवर.

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी या धक्क्यावरून ‘रामदास’ रेवसला निघाली. आषाढी अमावस्या तोंडावर होती, म्हणजे समुद्राला उधाण. त्यात पावसाळी वारा. धक्का सोडून थोडाच वेळ झाला होता. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटा आदळल्या, बोटीत पाणी शिरले, घाबरलेले लोक एका बाजूला लोटले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे दुपार उलटेपर्यंत मुंबईला पत्ता नव्हता. मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेतले म्हणून काही जण वाचले.

बोट जुनाट नव्हती. १९३६ साली इंग्लंडमध्ये बांधलेली, म्हणजे जेमतेम अकरा वर्षांची. मग ती का उलटली? वर्गात विचारले तर ‘वजन जास्त झाले’ हे उत्तर ठरलेले. दोष मुलांचा नाही. पाठ्यपुस्तकात आपण तरंगणे आणि बुडणे एवढेच शिकवतो. सरळ तरंगत राहणे ही वेगळी गोष्ट आहे, तिथवर पोचतच नाही.

बोट थोडी कलली की कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो. प्लावक बल त्या बाजूला सरकते आणि बोटीला परत सरळ करते. पण हे केव्हा? तर गुरुत्वमध्य जागचा हलला नाही तर. माल बांधून ठेवता येतो, माणसे नाही. ती कललेल्या बाजूला गेली की गुरुत्वमध्यही तिकडेच जातो, आणि सरळ करणारा जोर उरत नाही. आत शिरलेले पाणीही नेमके हेच करते.

हे बादलीत दाखवता येते. सपाट तळाचा, बोटभर उंच काठाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. पंधरा गोट्या मेणाने तळभर चिकटवा, डबा पाण्यात सोडा आणि एक काठ हलकेच दाबून सोडा. डबा डुलतो आणि सावरतो. आता त्याच गोट्या मोकळ्या ठेवून तेच करा. वजन तेवढेच, पण गोट्या एका कडेला घरंगळतात आणि डबा तसाच कललेला राहतो. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा. मग आत दोन-तीन चमचे पाणी घालून पुन्हा काठ दाबा.