स्पिंडलच्या बुशाची कुळकथा

जुनी फियाट किंवा पद्मिनी घरी सांभाळणाऱ्याला एक दुखणे केव्हा ना केव्हा गाठतेच. पॅडलवरून पाय उचलला की इंजिन थरथरते, सिग्नलला बंद पडते. स्क्रू फिरवून स्लो वाढवावा, तर घाटकोपरहून मुलुंड येईपर्यंत पुन्हा तेच. जाणता मेकॅनिक थ्रॉटलचा स्पिंडल चिमटीत धरून वरखाली हलवतो आणि सांगतो, "एअर घेतोय. बुश मारावा लागेल." या बुशाचे, म्हणजे दांडीभोवती बसवायच्या छोट्या नळीचे, कूळ मोटारीपेक्षा जुने आहे.

स्पिंडल म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या भागात आडवी बसलेली बारीक दांडी. तिच्यावर पितळेची गोल चकती असते, तिला बटरफ्लाय म्हणतात. पॅडल दाबले की दांडी वळते, चकती उघडते आणि इंजिनाला श्वास मिळतो. ही जोडी आली वाफेच्या इंजिनातून. जेम्स वॉटने 1788 मध्ये इंजिनाला वेग सांभाळणारा गव्हर्नर जोडला, तो वाफेच्या नळीतली अशीच चकती फिरवत असे. पुढे 1893 मध्ये विल्हेल्म मायबाखने बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर केला. सोलेक्स, वेबर, एसयू अशी घराणी त्यानंतर नावारूपाला आली आणि त्या सगळ्यांनी ही चकती ठेवली.

दुखण्याचे मूळ इथेच आहे. कार्बोरेटरचे अंग जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले. पुष्कळ कार्बोरेटरांत कारखान्याने त्या मऊ अंगातच भोक पाडून स्पिंडल सरळ आत घातला. परतीची स्प्रिंग दांडीला सतत एकाच बाजूला ओढते, त्यात रस्त्याची धूळ मिसळते, आणि काही वर्षांत गोल भोक लांबट होते. इंजिन स्लोवर असताना चकती जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्याखाली जोराची ओढ असते. त्या ओढीने स्पिंडलच्या फटीतून बिनहिशेबी हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, आणि मग कुठलाही स्क्रू फिरवून गाडी स्थिरावत नाही.

झिजलेल्या भोकात नवी नळी बसवायची, हा उपाय घड्याळजींनी फार पूर्वी रूढ केला होता. घड्याळाच्या पितळी पट्टीतले लांबट झालेले भोक मोठे करून ते त्यात नवा बुश ठोकत. आपल्याकडे गाडीवानालाही हे तत्त्व ठाऊक होते. बैलगाडीच्या लाकडी चाकात कण्याभोवती लोखंडी नळी असे. झिजायचे ते तिने, चाकाने नव्हे.

मुंबईच्या उपनगरांत या विद्येला खरे घर मिळाले. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथे फियाट 1100 तयार होऊ लागली आणि 1974 पासून ती पद्मिनी या नावाने धावली. परवान्यांच्या त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून हातातली गाडी टिकवणे भाग होते. टॅक्सीचे पॅडल तर दिवसभर दाबले जाई. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळत आणि साकीनाक्याच्या गाळ्यांत लेथ फिरत. तिथला टर्नर पितळेचा किंवा गनमेटलचा बुश हव्या त्या मापात काढून देई.

आजही हे काम घरच्या टेबलावर होते. आधी खात्री करावी: इंजिन स्लोवर ठेवून स्पिंडलच्या दोन्ही टोकांना घट्ट ग्रीस भरावे. थरथर थांबली, तर दोष तिथेच आहे. मग कार्बोरेटर उतरवावा. चकतीच्या स्क्रूंची टोके कारखान्यात फुलवलेली असतात. ती कानशीने घासल्याशिवाय स्क्रू फिरवला, तर स्पिंडलचे आटे जातात. चकतीची बाजू आणि दिशा खूण करून ठेवावी, कारण तिची कड तिरकी कापलेली असते. भोक मोठे करताना दोन्ही बाजू एका रेषेत राहिल्या पाहिजेत. एका बाजूला रीमर, म्हणजे भोक मापात मोठे करणारे हत्यार, चालवताना समोरचे भोक त्याला वाट दाखवते. बुश दाबून बसवल्यावर शेवटचा रीमर दोन्हींतून एकदमच न्यावा. चकती बसवताना स्क्रू सैल ठेवून ती मिटू द्यावी. ती आपोआप मध्यावर येते, मग स्क्रू आवळून टोके पुन्हा फुलवावीत. एक स्क्रू सुटून आत गेला, तर इंजिनाचा घात होतो. लेथ नसलेल्याने बुश बाहेरून करून आणावा, पण मापे स्वतः घ्यावीत.

असा कार्बोरेटर मूळच्यापेक्षा सरस होतो. पुढच्या वेळी झिजेल तो बुश, अंग नाही. इंजेक्शनच्या गाड्यांतही थ्रॉटलची चकती राहिलीच, फक्त तिचा स्पिंडल आता बहुधा बेअरिंगवर फिरतो. कारखान्यांनी जे पुढे स्वीकारले, तेच आपले टर्नर जुन्या गाड्यांना पितळेत करून देत होते.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्यांचे गिऱ्हाईक गेल्यावर हे काम शिकण्याचे कारण गाळ्यातल्या नव्या पोरांना उरत नाही. म्हणून ज्यांच्या इमारतीखाली अजून एखादी पद्मिनी उभी आहे, त्यांनी ते शिकून घ्यावे. जुन्या टर्नरच्या शेजारी उभे राहून त्याचा हात पाहावा, बुशाची आणि रीमरची मापे वहीत उतरवावीत आणि ती वही गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.