फळा पुसणाऱ्या पेशी

मंडळी, आज जरा वेगळा विषय. लेख थोडा शास्त्राकडे झुकेल, पण कंटाळू नका!

मराठीत फिटला शब्द काही कमी नाहीत. फेफरे, मिरगी, आकडी, शिवाय आयुर्वेदातला अपस्मार. कोणताही उच्चारा, डोळ्यांपुढे चित्र एकच. माणूस धाडकन पडतो, हातपाय झाडतो, आणि कोणीतरी कांदा नाहीतर चप्पल घेऊन धावतो. पण फिटची एक जात अशी आहे की तिच्यात यातले काहीच होत नाही. मूल पाढे म्हणता म्हणता थांबते, दहा-पंधरा सेकंद शून्यात बघते, पापण्या किंचित फडफडतात, आणि काही झालेच नाही अशा थाटात पुढचा पाढा सुरू! मधल्या सेकंदांचा त्याला पत्ताच नसतो. असे दिवसातून कित्येकदा होते. साधारण चार ते दहा वर्षांच्या वयात हे सुरू होते. फ्रेंच डॉक्टरांनी याला 'आब्सांस', म्हणजे गैरहजेरी, असे नाव दिले. हजेरीपटावर हजर, पण प्रत्यक्षात गैरहजर. आपल्या बोलीत मात्र याला फिटचे नावच नाही. आपण म्हणतो, "तंद्री लागली."

ही तंद्री नव्हे, हे कळले कसे? जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी कागदावर उतरवून १९२९ साली प्रसिद्ध केल्या. पुढे १९३५ मध्ये बॉस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवले की गैरहजेरीच्या त्या क्षणी कागदावर सेकंदाला तीन या ठेक्यात टोकदार लाटा उठतात. पोर आळशी नाही, याचा हा लेखी पुरावाच!

आता या गोष्टीतले दुसरे पात्र. मेंदूत संदेश नेणाऱ्या चेतापेशी असतात हे आपण शाळेत शिकलो. पण जवळजवळ तितक्याच संख्येने दुसऱ्याही पेशी असतात. रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने १८५६ साली त्यांना 'ग्लिया' म्हटले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डिंक. चेतापेशींना चिकटवून ठेवणारा मसाला, एवढीच त्यांची किंमत! १९०६ चे नोबेल गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले, ते मज्जासंस्थेच्या रचनेवरील कामासाठी. काहाल यांनी या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींचाही बारकाईने अभ्यास केला होता. पण पुढे विजेची यंत्रे आली, आणि चेतापेशींसारखे विजेचे ठोके ग्लिया देत नाहीत असे दिसले. जो बोलत नाही त्याच्याकडे बघणार कोण?

मग त्या करतात काय? शिक्षकाच्या भाषेत सांगतो. गणिताचा तास संपला की कोणीतरी फळा पुसायला हवा. नाहीतर इतिहासाच्या तासाचे अक्षर त्यावर लागणार नाही. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो रसायन सोडून. निरोप पोचल्यावर ते रसायन उचलावे लागते. या उचलण्यात ताराकार पेशींचा मोठा वाटा असतो.

यातले एक रसायन आहे गाबा. ते मेंदूचा ब्रेक. फिट म्हणजे मेंदू सुसाट सुटणे, तेव्हा ब्रेक वाढवला की फिट थांबेल, असा सरळ हिशेब. गाबा वाढवणारी औषधे निघालीही. काही प्रकारच्या फिटमध्ये ती उपयोगी पडली, पण या गैरहजेरीच्या फिट उलट वाढल्या!

या कोड्याचे उत्तर इंग्लंडशेजारच्या वेल्समधील कार्डिफ विद्यापीठाच्या क्रुनेली यांच्या गटाने २००९ साली दिले. जन्मतःच अशा फिट येणाऱ्या उंदरांत त्यांना दिसले की मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस भागात गाबा उचलणारे एक प्रथिन नीट काम करत नाही. आणि त्या भागात हे प्रथिन चेतापेशींवर नसतेच, ते असते ताराकार पेशींवर. म्हणजे फळा पुसलाच जात नव्हता. साचलेल्या गाबाने चेतापेशी दबतात, सुटे निरोप देण्याऐवजी झुबक्याने देतात, आणि तो ठेका साऱ्या मेंदूला धरतो. पुढे २०१५ मध्ये याच प्रथिनाच्या जनुकातील दोष फिट येणाऱ्या काही मुलांतही सापडला. अर्थात प्रत्येक मुलात कारण हेच असते असे नाही. पण ज्याला डिंक म्हटले तो गोष्टीच्या मध्यावर आला, हे खरे.

हे सगळे कासात बसून कशाला, असे म्हणाल. सांगतो. १९८८ मध्ये मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी प्रसिद्ध झाली. आपल्या डहाणूच्या चिकूवाडीवाल्यांचेच हे भाऊबंद. सर्व प्रकारच्या फिट धरून हजारी ४.७ माणसे निघाली. आपल्याकडे लोक हे लपवतात, आणि त्याला कारणही होते. वारंवार फिट येणे ही हिंदू विवाह कायद्यात लग्नाला आडकाठी होती. १९७६ साली आलेला तो शब्द १९९९ मध्ये काढला गेला. कायद्यातून गेला, मनातून अजून जायचा आहे.

त्यात आपला भाग आश्रमशाळांचा. आईबाप दूर पाड्यावर. पडणारे मूल सगळ्यांना दिसते, त्याला भगताकडे तरी नेतात. हे थांबणारे मूल मात्र फक्त वर्गातल्या गुरुजींना नाहीतर बाईंना दिसू शकते. वर्षभर त्याचे शब्द मधूनमधून गळत राहतात, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, "लक्ष नाही."

नातेवाइकांत आणि वाचकांत शिक्षक बरेच आहेत, म्हणून एवढेच सांगतो. तंद्रीतले मूल हाक मारली, खांद्याला हात लावला की भानावर येते. फिटमधले येत नाही. असे दिसले तर वहीत टिपा : किती वाजता, किती सेकंद, दिवसातून किती वेळा. ती वही घेऊन मुलाला पालकांसह कासाच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवा. पुढची तपासणी कुठे करायची ते डॉक्टर सांगतील. यावर औषधे आहेत, आणि बरीच मुले मोठेपणी यातून बाहेर पडतात. मात्र फिटचे प्रत्येक औषध या फिटला चालत नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या गोळ्या आणून देऊ नका.

असो. लेख लांबला. कोणाच्या वर्गात असे मूल असेल तर जरूर कळवा.