बाक

अनेकांनी ओळीने बसण्याचे लांबट आसन. मराठीतील ‘बाक’ हा शब्द पोर्तुगीज संपर्कातून आला. त्याच्याच जर्मानिक मूळ शब्दापासून इंग्रजी ‘बेंच’ झाला, तर इटलीतील सराफांच्या बाकावरून ‘बँक’ हा शब्द रूढ झाला. डोंबिवली स्थानकाच्या फलाटावरील बाक आणि १९७० मध्ये स्थापन झालेली डोंबिवली नागरी सहकारी बँक यांत एकच शब्द दडला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

न्यायाधीशांच्या आसनावरून इंग्रजीत ‘बेंच’ हे न्यायाधीशवर्गाचेच नाव झाले. विधिमंडळात मराठीने ‘सत्ताधारी बाक’, ‘विरोधी बाक’ असे शब्द स्वीकारले. न्यायालयासाठी मात्र संस्कृत ‘पीठ’ घेतले. त्यातून एक घोटाळा उद्‌भवला. ‘खंडपीठ’ म्हणजे एकत्र सुनावणी करणारे दोन न्यायाधीश, तसेच मुंबई उच्च न्यायालयाची नागपूर (१९५६), औरंगाबाद (१९८१, आताचे छत्रपती संभाजीनगर) व गोवा (१९८२) येथील पीठेही. पहिला अर्थ न्यायाधीशांच्या संख्येचा, दुसरा पक्षकाराला पडणाऱ्या अंतराचा. लोकांनी आंदोलने केली ती दुसऱ्यासाठी. कोल्हापूरची मागणी कित्येक दशकांची होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून तेथे सहा जिल्ह्यांसाठी कामकाज सुरू झाले, तेही बहुधा ‘सर्किट बेंच’ या इंग्रजी नावानेच ओळखले जाते. ठाणे जिल्हा मुख्य पीठाकडेच असल्याने डोंबिवलीच्या पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी मुंबईच गाठावी लागते.