तुटलेल्या इंजिनाची साक्ष

१७ सप्टेंबर १९६१ रोजी स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड येथे १२५ सीसी गटाची ग्रां प्री शर्यत झाली. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर हा त्या वर्षीच्या विश्वविजेतेपदाचा प्रबळ दावेदार होता. दोनच आठवड्यांपूर्वी त्याने मोंझाची शर्यत जिंकली होती आणि होंडाचा ऑस्ट्रेलियन स्वार टॉम फिलिस याच्याशी त्याची चुरस ऐन भरात होती. शर्यतीच्या सुरुवातीच्याच फेऱ्यांत डेग्नरच्या गाडीचे इंजिन निकामी झाले. त्याच दिवसांत त्याची पत्नी आणि मुले एका मोटारीत लपून पश्चिम जर्मनीत पोहोचली. बर्लिनची भिंत उभी राहू लागल्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. डेग्नर मायदेशी परतला नाही. पुढे पूर्व जर्मनीच्या बाजूने आरोप झाला की त्याने ते इंजिन जाणूनबुजून मोडले.

या आरोपाचा निवाडा सहसा राजकारणाच्या अंगाने केला जातो. पण ज्या इंजिनावरून तो उभा राहिला, ते इंजिन साक्षीदार म्हणून काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हा प्रश्न अगोदर विचारायला हवा.

टू-स्ट्रोक इंजिन आपल्याला परके नाही. पेट्रोल पंपावर टाकीत मापाने ओतले जाणारे टू-टी ऑइल आणि स्कूटर एका बाजूला कलती करून किक मारणारा गृहस्थ ही दृश्ये एका पिढीच्या स्मरणात आहेत. स्कूटर बंद पडली की पहिल्यांदा प्लग काढून पाहायचा, हे ज्ञान तेव्हा घरोघरी होते. शर्यतीच्या इंजिनाचे निदानही तिथूनच सुरू होते. गाडी पूर्ण वेगात असताना इंजिन एकदम बंद करून प्लग काढला, तर त्याच्या टोकाशी असलेल्या चिनी मातीच्या भागाचा रंग बोलू लागतो. बिस्किटासारखा तपकिरी रंग असला तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण बरोबर आहे. काळा ओलसर असला तर पेट्रोल जास्त, आणि पांढरा पडला असला तर पेट्रोल कमी व उष्णता अधिक. त्या पांढऱ्यावर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले, तर पिस्टनचा माथा वितळू लागला आहे असे समजावे.

त्यानंतर पिस्टन. चारही बाजूंना सारखे ओरखडे असतील, तर इंजिन पुरते गरम होण्याआधीच त्यावर जोर टाकला गेला आणि सिलिंडरच्या मानाने पिस्टन लवकर फुगला. ओरखडे फक्त धूर बाहेर पडण्याच्या बाजूला असतील तर उष्णता अति झाली. मिश्रण आत येण्याच्या बाजूला असतील तर तेल अपुरे पडले असण्याचा संशय घ्यावा. माथ्याच्या कडा वाळूने घासल्यासारख्या खडबडीत झाल्या असतील, तर मिश्रण संथपणे जळण्याऐवजी स्फोटासारखे पेटत होते. कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक निळसर पडले असेल, तर तिथले बेअरिंग तेलावाचून तापले. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधून जात असल्यामुळे क्रँकशाफ्टच्या टोकाचे एखादे जुने सील झिजले, तरी बाहेरची हवा आत शिरते आणि कार्ब्युरेटर निर्दोष असूनही पिस्टन जळतो. म्हणूनच जाणता मेकॅनिक जळलेला पिस्टन बदलून थांबत नाही. जळणे हा परिणाम असतो. कारण बहुधा दुसरीकडे असते.

आता डेग्नरच्या इंजिनाकडे वळू. त्याचा कर्ता वॉल्टर काडेन दुसऱ्या महायुद्धात हेन्शेल कंपनीच्या क्षेपणास्त्रांवर काम केलेला अभियंता होता. १९५०च्या दशकात साक्सनीतील च्योपाऊ येथे त्याने शर्यतविभाग हाती घेतला आणि टू-स्ट्रोकचे रूपच पालटले. सिलिंडरमधून बाहेर पडणारा वायू हा नुसता धूर नसून ती दाबाची लाट आहे, हे त्याने नेमके हेरले. एक्झॉस्टची नळी आधी फुगत आणि मग निमुळती होत गेली, की तीच लाट आधी जुना वायू ओढून घेते आणि मग परत फिरून, बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये लोटते. या लाटांचा माग त्याने ऑसिलोस्कोपवर काढला. मिश्रण आत घेण्यासाठी त्याने फिरत्या तबकडीचा व्हॉल्व्ह वापरला. १९६१ साली त्याचे १२५ सीसीचे इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देत होते, म्हणजे लिटरमागे २००. सुपरचार्जरविना हा टप्पा गाठणारे ते पहिले इंजिन मानले जाते.

पण या शक्तीची किंमत होती. लाटांचे हे गणित मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या वर, एका अरुंद पट्ट्यातच जुळते. स्वाराला इंजिन सतत त्या पट्ट्यात ठेवावे लागते. तिथून थोडे वर गेले की धातू सोसत नाही, खाली आले की स्पर्धक पुढे जातो. सकाळी हवा गार, म्हणून दाट असली, तर आदल्या दुपारचे मिश्रण अपुरे ठरते. टू-स्ट्रोकचे स्वार क्लचवर दोन बोटे कायम ठेवत ते याच कारणाने. पिस्टन सीझ झाला की मागचे चाक जागच्या जागी जखडते आणि सावरायला क्षणभरच मिळतो. अशा इंजिनाचा मृत्यू अपवादात्मक नव्हता, तो त्याच्या रचनेतच लिहिलेला होता.

साक्षीची मर्यादा इथे उघड होते. जिंकण्याच्या ईर्ष्येने ताणलेले इंजिन आणि मोडण्याच्या हेतूने ताणलेले इंजिन, या दोहोंच्या पिस्टनवर एकच खूण उमटते. काय तुटले, कोणत्या क्रमाने तुटले, कशाने तापले, हे धातू सांगतो. थ्रॉटल धरणाऱ्या हाताच्या मनात काय होते, ते सांगत नाही. आरोप करणाऱ्यांनी इंजिन वाचले नव्हते. त्यांनी त्यानंतरचे पलायन वाचले आणि त्याचा अर्थ मागे नेऊन इंजिनावर लादला. आधी घडले ते नंतरच्यासाठीच घडले, हा तर्क कार्यशाळेत टिकत नाही.

हेतूचाच विचार करायचा, तर तो आरोपाच्या उलट बाजूला झुकतो. कुटुंबाची सुटका शर्यतीच्या निकालावर अवलंबून नव्हती. विश्वविजेता म्हणून सीमा ओलांडणाऱ्याचे मोल पराभूत स्वारापेक्षा अधिकच झाले असते. प्रत्यक्षात मोसमाच्या अखेरच्या, अर्जेंटिनातील शर्यतीत डेग्नर उतरू शकला नाही आणि विजेतेपद फिलिसकडे गेले.

डेग्नरने इंजिन मोडले नसेल. पण त्याने काही नेले, हे मात्र खरे. तो जपानमध्ये हमामात्सूला, सुझुकीकडे गेला आणि काडेनची विद्या त्याच्याबरोबर गेली. १९६२ साली ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद त्याने सुझुकीवर मिळवले. टू-स्ट्रोकचे ते पहिले विश्वविजेतेपद. एमझेडला ते कधीच लाभले नाही. काडेन मात्र च्योपाऊ सोडून गेला नाही. डेग्नर १९८३ साली वारला, काडेन १९९६ साली.

आरोप मोडण्याचा झाला आणि हानी झाली ती नेण्याने. काडेनवर झालेल्या अन्यायाची दाद मागायची, तर ती त्या दुसऱ्या गोष्टीसाठी मागायला हवी होती. निदान चुकले की असेच होते: जळलेला पिस्टन हातात येतो, त्यालाच गुन्हा समजले जाते आणि झिजलेले सील जिथल्या तिथे राहते. साहित्यकृतीतून लेखकाचा हेतू वाचू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट एकदा मेकॅनिकच्या बाजूनेही वाचावी.