लाडवांच्या डब्याची किल्ली

आहारतज्ज्ञ बाईंनी माझं वजन वहीत लिहिलं आणि काय खायचं ते सांगण्याआधीच विचारलं, "दिवाळीचं किती शिल्लक आहे घरी?" मी मनात डबे मोजले. बेसनाचे लाडू अर्धा डबा, शंकरपाळे, सात-आठ करंज्या, शिवाय कुठून तरी आलेली सोनपापडी, जी कुणीच उघडत नाही आणि पुढच्या घरी पाठवून देतं. "आजच बाहेर काढा सगळं," त्या म्हणाल्या. "घरात असलं की खाल्लं जातंच."

पटलं मला. रात्री पाणी प्यायला म्हणून उठायचं आणि लाडू खाऊन परत यायचं, हे माझं रोजचं. पण घरी येताना रिक्षात वाटलं, हा सल्ला माझ्या आजीला कुणी दिला असता तर तिला तो कळलाच नसता. म्हणजे तो कधीतरी, कुठेतरी जन्माला आला असणार.

वजन उतरवा हे सांगणं तसं जुनंच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' नावाचा अध्याय आहे. त्यात अतिस्थूल माणसाचा विचार केलाय. जड, गोड, थंड, स्निग्ध अन्न, दिवसाची झोप, व्यायामाचा आणि काळजीचा अभाव ही कारणं. उपायांत त्रिफळा, मध, व्यायाम, जागरण आणि चक्क चिंतन. (काळज्या माझ्याकडे मुबलक आहेत. त्यांनी एक किलोही उतरलेला नाही.) पण स्वयंपाकघरात सामान कुठे ठेवावं, हा प्रश्न तिथे नाही.

विल्यम बँटिंगलाही तो पडला नव्हता. लंडनमधला हा अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक; राजघराण्याच्या अंत्ययात्राही त्याच्याच घराण्याकडे असत. वयाच्या ६६व्या वर्षी, साडेपाच फुटांच्या आतच असलेल्या या गृहस्थाचं वजन होतं २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. वल्हवून झालं, समुद्रस्नान झालं, तुर्की हमाम झाले. शेवटी विल्यम हार्वी नावाच्या डॉक्टरने ब्रेड, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे बंद केले. वर्षभरात ४६ पौंड उतरले आणि बँटिंगने १८६३ साली त्यावर एक पुस्तिका छापली. ती इतकी गाजली, की स्वीडिश भाषेत 'डाएट करणे' या अर्थी आजही 'बांता' हे त्याच्या नावावरून आलेलं क्रियापद आहे. पुस्तिकेत न्याहारीला किती औंस मांस आणि चहा कसा बिनसाखरेचा, ते सगळं येतं. खाणाऱ्याने ठरवायचं आणि ते पाळायचं. घरातल्या कपाटाशी या गोष्टीचा काही संबंध असेल, हे अजून कुणाच्या मनात नव्हतं.

ते कपाट पुढे यायला आणखी शंभर वर्षं गेली, आणि आलं तेही कपड्यांच्या टोपलीच्या रूपात. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी जीन नायडेच ही गृहिणी १९६१ साली २१४ पौंडांची होती. सुपरमार्केटात एका ओळखीच्या बाईने तिला 'बाळ कधी येणार?' असं विचारलं, तेव्हा ती शहराच्या आरोग्य खात्याच्या स्थूलता-चिकित्सालयात गेली. आहार पाळला, वजन उतरूही लागलं. पण एक गोष्ट तिने तिथल्या बाईंना सांगितली नव्हती. चॉकलेटचा थर दिलेल्या बिस्किटांचे पुडे ती न्हाणीघरात, धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत लपवून ठेवायची आणि रात्री खायची.

हे वाचताना मला हसू आलं नाही. मळक्या कपड्यांखाली बिस्किटं लपवणाऱ्या बाईला पक्कं माहीत असतं, की त्या टोपलीत तिच्याशिवाय कुणी हात घालणार नाही. घरातली तिची एकटीची अशी तेवढीच जागा असेल. हे गुपित तिने शेवटी सहा मैत्रिणींना घरी बोलावून सांगितलं आणि मग त्यांनीही आपापली लपवण्याची ठिकाणं सांगितली. त्या बैठकांमधून १९६३ साली 'वेट वॉचर्स' उभी राहिली. पुढे १९७८ साली ती हाइन्झने विकत घेतली, आणि गोठवलेली गोडं, मोजून-मापून, तिच्याच नावाच्या खोक्यांतून घरोघरी परत आली. ते असो.

त्याच दशकात मानसशास्त्रज्ञही याच कपाटापाशी पोचले होते. चार्ल्स फर्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली, आणि रिचर्ड स्टुअर्टने १९६७ साली मांडलं, की खाण्याची इच्छा आतून येते तितकीच समोरच्या वस्तूकडे पाहूनही येते. म्हणून खायचं सामान स्वयंपाकघराबाहेर कुठेही ठेवायचं नाही, आणि करून खावं लागेल असंच आणायचं. माझ्या आहारतज्ज्ञ बाईंचं वाक्य इथून आलंय. स्टुअर्टच्या निबंधातल्या आठ रुग्ण, आठही बायका. फ्रिज, मोटार आणि सुपरमार्केट यांनी घर भरून टाकलेल्या देशात, भरणारीनेच ते रिकामं करायचं होतं.

आता आजीकडे येते. तिच्या फडताळाला कुलूप होतं आणि किल्ली कमरेला. लाडवांचा डबा पाणी घातलेल्या परातीत उभा असायचा, मुंग्या येऊ नयेत म्हणून. पोरांसाठी पाण्याचा उपयोग नव्हता, त्यांच्यासाठी कुलूप. त्याच्याही आधी शिंकं होतं, आणि त्याच्यापाशी पोचलेल्या एका पोराची गोष्ट आपण दरवर्षी श्रावणात साजरी करतो. साखर तर मोजूनच यायची. युद्धकाळात नियंत्रण आलं, १९४७च्या डिसेंबरात उठलं, १९४९ साली परत बसलं. १९६७नंतर रेशनची साखर वेगळी आणि खुल्या बाजाराची वेगळी. आमच्या घरात साखरेचा चहा पाहुण्यांना आणि गुळाचा घरच्यांना. गंमत म्हणजे हे सगळं ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात. प्रवरानगरचा सहकारी कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांचा, १९५०च्या सुमारास सुरू झाला होता आणि आमच्यापासून फार लांब नव्हता.

म्हणजे गोडावर पहारा होताच. रेशनकार्डाचा होता, पंचांगाचा होता, आजीचा होता. श्रीखंड पाडव्याला, पुरणपोळी होळीला, लाडू दिवाळीला. स्वतःवर ताबा असण्याची गरज पडलीच नाही. मला 'आजीच्या पिढीला संयम होता' हे वाक्य त्यामुळे नेहमी खोटं वाटतं. आणि किल्ली जिच्याकडे होती, तिने स्वतः किती लाडू खाल्ले, हे आम्हा नातवंडांपैकी कुणीच पाहिलेलं नाही. सगळ्यांचं झाल्यावर ती जेवायला बसायची आणि तेव्हा आम्ही अंगणात असायचो. कदाचित कुलपामागे तिचीही एक टोपली असेल. असावी, असं मला वाटतं.

आता पंचांग सैल झालं, दुकान कोपऱ्यावर आलं, आणि पहारा माझ्या एकटीच्या अंगावर पडला.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी लाडू आणि शंकरपाळे पिशवीत भरले. टाकवत नव्हतं, अन्न टाकायचा हात आमच्याकडे कुणाला नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना म्हटलं, "मावशी, हे घेऊन जा, पोरांना होईल." त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"ताई, पोरं खातील," त्या म्हणाल्या. "पन घरात आलं की मी बी खाते. मला शुगर निघालीया दोन वर्सं झाली. डाक्टर म्हनले, घरात ठिवू नका."

माझ्या तोंडून काही शब्द निघेना. जे माझ्या शरीराला नको म्हणून काढलं, ते त्यांच्या शरीराला चालेल असं मी न विचारताच धरून चालले होते. आणि त्याला 'देणं' म्हणत होते. वर पिशवीवर मी 'शुभ दीपावली' छापलेली बाजू पुढे केली होती.

त्यांनीच वाट काढली. चार लाडू पोरांसाठी कागदात बांधून घेतले, "वाटंतच देते त्यास्नी, शाळंपाशी," म्हणाल्या, आणि बाकीचे माझ्याच ओट्यावर ठेवून भांड्यांकडे वळल्या.

डबा अजून तिथेच आहे. शुक्रवारी मुलगा हैदराबादहून येतोय आणि लाडू उरलेत ना, हे त्याने दोनदा विचारलंय. तोवर मी डबा माळ्यावर ठेवलाय, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी. स्टूल मात्र स्वयंपाकघरातच आहे.