बालकवींचा जिल्हा कोणता?

बालकवींचे जन्मस्थान नोंदवताना आपण सहज ‘धरणगाव, जिल्हा जळगाव’ असे लिहितो. परंतु १८९० साली, ते जन्मले तेव्हा, जळगाव नावाचा जिल्हाच नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी खानदेश हा एकच विस्तीर्ण जिल्हा केला आणि त्याचे मुख्य ठाणे धुळ्यास ठेवले. भिल्लांचा प्रतिकार केवळ फौजेने आवरेना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम यांनी धरणगावात भिल्लांचीच पलटण उभारली. महसूल आणि बंदोबस्त, या दोन गरजांतूनच हा जिल्हा घडला.

१९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पुढच्याच वर्षी जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. म्हणजे ठोमरे जन्मले खानदेशात आणि बालकवी झाले पूर्व खानदेशात. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ त्यांचा अंत झाला, तोही पूर्व खानदेशातच. १९६० मध्ये हे जिल्हे जळगाव आणि धुळे झाले व ‘खानदेश’ हा शब्द जिल्ह्यांच्या नावांतून गेला. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. अहिराणीने मात्र यांपैकी एकही सीमा मानली नाही.

सीमा सरकारी सोयीने आखल्या जातात आणि सोय बदलली की पुसल्याही जातात. म्हणून कवीचा प्रदेश सांगताना आजच्या जिल्ह्याआधी त्याच्या काळचे नाव लिहावे, असे आम्हांस वाटते. ते गाळले, तर कवी ज्या मुलखात वाढला तो मुलूखच वाचकाच्या नजरेआड होतो.