बेळगावचे बाबा पद्मनजी

मराठीतील पहिली कादंबरी कोणती, असे वर्गात विचारले की ‘यमुनापर्यटन’, १८५७, हे उत्तर मुले तत्काळ देतात. ती लिहिणारा माणूस कोणत्या दोन जगांत वाढला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

बाबा पद्मनजी १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात जन्मले. घरी देवपूजा, व्रतवैकल्ये, सोवळेओवळे. शाळा मात्र मिशनऱ्यांची. मुंबईस शिकत असता जातिभेद न मानणाऱ्या, गुप्तपणे चालणाऱ्या परमहंस सभेतही ते गेले. तेथे त्यांचे समाधान झाले नाही. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही परक्या शहरी नव्हे, तर जेथे त्यांना लहानपणापासून सारे ओळखत होते त्या बेळगावातच. त्या काळी याचा अर्थ आप्तांच्या पंगतीतून उठणे असाच होता.

पण पंगत सुटली तरी भाषा सुटली नाही. अवघ्या तीन वर्षांत त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ साली झाला होता. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवासास निघते आणि ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते, ऐकते. पुढे वैधव्य तिच्याच वाट्याला येते. ग्रंथात उपदेश फार आहे, जुन्या धर्माविषयीचे काही शब्द कठोरही आहेत. मी स्वतः ख्रिस्ती, कॅथलिक असूनही ती पाने वाचताना संकोचतो. परंतु केशवपनाच्या भयाने व्याकूळ झालेल्या स्त्रिया बोलू लागल्या की उपदेशक मागे सरतो आणि आपल्याच आळीतील माणसांचे दुःख सांगणारा शेजारी पुढे येतो. परक्याला ते साधले नसते.

१८६० साली त्यांनी समानार्थी मराठी शब्दांची ‘शब्दरत्नावली’ सिद्ध केली आणि पुढे १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या प्रचंड कोशाचा संक्षेप केला. धर्म बदललेला तरुण मराठीचे शब्द एकेक करून वेचीत बसला होता, हे चित्र मला त्यांच्या प्रवचनांहून अधिक बोलके वाटते.

त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ १८८८ साली निघाले. तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. घर सोडण्याची कथा सांगावयास बसलेल्या या वृद्धाला आरंभ मात्र त्या घरापासूनच करावा लागला: बेळगाव, आईवडील, देवघर.